विहिरीच्या तळाशी पडलेली कुदळ

मुलाचं सामान धुळ्याहून टेम्पोत आलं. गादी, कुकर, इस्त्री, कपड्यांच्या पिशव्या आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी मुलाचा मित्र बसून आला होता. दोघं धुळ्याला एका खोलीत राहत आणि एकाच दुकानात कामाला जात. मित्र पिंपळनेरकडचा. माझ्याशी बोलताना तो शाळेतल्यासारखं जपून मराठी बोले, आणि गडबडला की अहिराणीवर येई.

मुलगा दिवाळीनंतर गेला. धुळ्याहून जळगावला घरी येताना, महामार्गावर. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. लिहिण्यासारखं मला काही माहीतही नाही. मी तिथे नव्हतो.

सामान आलं तेव्हा सुतक फिटवणारी गंधमुक्ती होऊन गेली होती. द्वारदर्शनाला येणाऱ्यांची रीघ ओसरली होती, तरी अधूनमधून कुणी तरी चपला काढून ओट्यावर येऊन बसे. मी सगळं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात काढलं, बोलण्याची मला कधी फारशी सवय नव्हती. त्या दिवसांत सतरंजीवर बसून लोकांचं इतकं ऐकलं होतं, की कुणी नुसता घसा खाकरला तरी थकल्यासारखं होई. मित्रानं ते ओळखलं असावं. त्यानं सामान मुकाट्यानं आत नेलं, मुलाच्या खोलीतल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, वायरी जोडल्या आणि चहा अर्धा टाकून उठला.

दारात चपला घालताना म्हणाला, “नाना, त्यात एक खेळ आहे. त्याचा जीव त्यातच असायचा. कधी वाटलं तर बघा.”

मला वाटलं नाही. माझ्या बायकोनं कपड्यांच्या पिशव्या कपाटात जशाच्या तशा ठेवल्या, गाठीसुद्धा सोडल्या नाहीत. कॉम्प्युटरवर तिनं तीच चादर टाकली.

खेळाबद्दल मला अगदीच माहिती नव्हती असं नाही. ते एक ठोकळ्यांचं जग असतं. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, सूर्यही चौकोनी. त्यात जिंकायचं-हरायचं काही नसतं. खणायचं, लाकूड तोडायचं, घर बांधायचं, रात्री अंधारातून भुतंखेतं येतात त्यांच्यापासून जपायचं. सुटीत घरी आला की तो हे मला सांगायचा आणि मी पुस्तकातून डोकं न काढता हुं हुं करायचो.

शेवटच्या वर्षात मात्र तो संध्याकाळी फोन करून एक वेगळंच विचारू लागला होता. आमच्या गावच्या विहिरीबद्दल. यावलजवळ आमचं थोडं शेत होतं, त्यात माझ्या आजोबांनी खोदलेली विहीर होती. रस्ता चौपदरी झाला तेव्हा ती बुजली. आता तिच्यावरून केळीचे ट्रक जातात. त्यानं ती पाहिली नव्हती. म्हणून तो विचारायचा. पायऱ्या कोणत्या बाजूनं होत्या? दगडाचं बांधकाम कुठपर्यंत होतं, आणि कुठून खाली नुसता मुरूम? झरा कोणत्या अंगानं यायचा? मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं चौकोनी होतं की लांबट?

“खोल किती होती, नाना?” घरचा मुलगा असून तोही मला सगळ्यांसारखं नानाच म्हणायचा.

मी सांगितलं, आमच्याकडे विहीर परसानं मोजतात. परस म्हणजे एक माणूस. आता माणूस नुसता उभा धरायचा की हात वर केलेला, यावर गावात भांडणं व्हायची, कारण खोदणाऱ्याची मजुरी त्यावर ठरायची.

“आजोबांनी कोणता धरला?”

“हात वर केलेला.”

“मग मीही तोच धरतो,” तो म्हणाला.

मला वाटलं, हा काही तरी लिहितोय. बरं वाटलं. आपलं वेड पोराच्या अंगात उशिरा का होईना उतरलं, असं बायकोजवळ बोलूनही दाखवलं. मग एकदा त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला तेव्हा कळलं, की तो खेळात ती विहीर खणत होता. काठावरून खाली पाहिल्यासारखा फोटो. पायऱ्या बरोबर उत्तरेकडून उतरत होत्या. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे दाटीवाटीनं आले होते. मी उत्तर पाठवलं, ‘छान.’ आणखी काय लिहावं ते सुचलं नव्हतं.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी मी चादर काढून कॉम्प्युटर लावला. का, ते सांगता येणार नाही. वाचनात लक्ष लागत नव्हतं, झोपही नव्हती. खेळाच्या पहिल्याच पानावर एक जग दिसत होतं, एकच. ते उघडलं.

खेळ जिथे सोडलेला असतो तिथेच उघडतो. तो विहिरीच्या तळाशी सोडलेला होता. चारी बाजूंनी दगड, त्यावर एक मशाल, आणि पडद्याच्या खालच्या कडेला एका हातात धरलेली कुदळ. मी मान वर केली, म्हणजे माऊस वर सरकवला. वर चौकोनी आभाळाचा तुकडा दिसला, त्यात चांदण्या होत्या. तिथून त्यानं तो खेळ बंद केला होता आणि झोपला होता, आणि सकाळी उठून घरी यायला निघाला होता.

मी बाहेर निघायचा प्रयत्न केला. पायऱ्या कुठे आहेत हे मला माझ्या लहानपणापासून ठाऊक, पण कोणत्या बटणानं पाय पुढे पडतो ते ठाऊक नव्हतं. भिंतीला धडकत राहिलो. मागून घोगरा आवाज आला. कुणी तरी मारत होतं आणि पडदा लाल होत होता. मग सगळं आडवं झालं आणि मोठ्या अक्षरांत लिहून आलं, की तुम्ही मेलात.

खाली बटण होतं, पुन्हा जन्म घेण्याचं. मी त्या अक्षरांकडे पाहत बसलो. बायकोनं चहा आणून ठेवला, तिला वाटलं मी काही वाचतोय. “थंड होईल,” ती म्हणाली, तेव्हा मी ते बटण दाबलं.

एका छोट्या घरात जागा झालो. लाकडी खाट, एक पेटी, खिडकी. हात रिकामे होते. मी तसाच खेळ बंद केला आणि त्या मित्राला फोन लावला.

“कुदळ हातात नव्हती?” त्यानं विचारलं.

“नव्हती. काहीच नव्हतं.”

“अरे देवा. नाना, मेल्यावर बठ्ठं तठेच पडस. जिथे मेला तिथे. विहिरीत पडलं असेल सगळं सामान.”

“मग जाऊन उचलता येईल ना?”

मग त्यानं सावकाश समजावून सांगितलं. खाली पडलेली वस्तू पाच मिनिटं टिकते, मग ती नाहीशी होते, कायमची. पण हे घड्याळ माणूस आसपास असला तरच चालतं. माणूस लांब गेला की ती जागा थिजते. तिथे मग रात्र होत नाही, भुतं हलत नाहीत, वस्तू पडल्या तशा पडून राहतात. घर शेतापासून लांब बांधलेलं होतं, गाव इकडे आणि मळा तिकडे, आमच्यासारखंच. म्हणून सामान आहे तिथेच थांबलं असावं.

“असावं म्हणजे?”

“नाना, ती मेलात म्हणणारी अक्षरं दिसतात ना, तेव्हा आपण अजून तठेच पडेल असतो. घड्याळ चालू राहतं. तुम्ही ते अक्षरं दखत कितला वेळ बठनात?”

किती वेळ पाहत बसलो, मला सांगता येईना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी खेळातला तो आवाज ऐकला तेव्हा पातेलं चढवलं होतं. चहा उकळला, आलं किसलं, दूध घातलं, गाळला, आणला.

“कितला चहा, अक्का? दोन कप का चार?” स्पीकरवरून त्यानं तिलाच विचारलं.

“दोनच. आता कोण येतं आमच्याकडे?”

“गॅस मोठा का बारीक?”

“अरे, तुला चहा प्यायचाय का हिशेब करायचाय?”

त्यानं मनात काही तरी जुळवलं. म्हणाला, थोडासा वेळ उरला असेल. असेल किंवा नसेलही. “तोवर एक करा, नाना. खेळ उघडला तरी घराबाहेर पाय टाकू नका. विहिरीकडे तर नकोच.”

मग मी तसाच खेळ उघडू लागलो. दुपारी जेवण झालं की लावायचा आणि त्या खोलीत उभं राहायचं. खिडकीतून ठोकळ्यांची केळी दिसायची. खऱ्या केळीसारखी नव्हती, पण ओळी आमच्या फैजपूरकडच्या जोडओळी होत्या, दोन जवळजवळ आणि मग मोकळी पट्टी. पलीकडे डोंगर होता, तो सातपुडा असणार. संध्याकाळ व्हायची, मी खेळ बंद करायचो. बायको सुरुवातीला दारातून पाहायची. मग ती निवडायचं ताट घेऊन मागच्या खाटेवर बसू लागली.

“नुसतंच उभं राहायचं का?” तिनं एकदा विचारलं.

“बाहेर जायचं नाही म्हणून सांगितलंय त्यानं.”

“दुखवट्यातच आहोत म्हणा की आपण तिथेही.”

तिनं तांदळाकडे पाहत हे म्हटलं. तिला हसू आलं नव्हतं, मलाही नाही.

विहिरीत सामान पडलं आहे ही गोष्ट मात्र तिनं फार मनाला लावून घेतली. मला वाटे, खेळातली कुदळ, तिचं एवढं काय. पण मी स्वतः दुपारी तिथे जाऊन उभा राहतच होतो. तिचं म्हणणं सरळ होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येत होती. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. वर्षभरात जो गेला त्याच्यासाठी या वर्षी पहिल्यांदा भरायची, आणि मग तो पितरांत गेला. बापानं मुलाची घागर भरायची, हे तिला तोंडानं म्हणवत नव्हतं. ती फिरून फिरून एवढंच म्हणे, “त्याची हातातली वस्तू अशी पडलेली असताना कसं करायचं?”

मित्राचा दर रविवारी फोन येई. त्यानं एकदा सांगितलं, की खेळात एक काळी पट्टी उघडते. तिच्यात हुकूम लिहायचा, की खेळ तो ऐकतो. पाऊस थांब, थांबतो. सकाळ हो, होते. मला अमुक दे, देतो. मरण येऊ नये असाही हुकूम आहे, आणि मेलं तरी सामान हातचं सुटू नये असाही.

“हे त्याला माहीत नव्हतं?”

“माहीत नव्हतं? नाना, आम्ही बठ्ठा खोलीत बसून हुकूम सोडायचो. एका मिनिटात डोंगर उभा, एका मिनिटात तळं. आणि हाऊ साधुबोवा एकेक ठोकळा खणत बसायचा. आम्ही म्हणायचो, तुले मजुरी कोण देई ऱ्हायना रे? तर म्हणे, खणल्याशिवाय खोल कसं कळेल.”

त्यानं जग तयार करतानाच हुकूम बंद करून ठेवले होते. पण एक पळवाट होती. शेजारच्या कॉम्प्युटरवरून कुणी आत येणार आहे असं सांगून दार उघडायचं, आणि दार उघडताना हुकूम चालू करायचे. फोनवर तो एकेक बटण सांगत गेला, मी दाबत गेलो. काळी पट्टी उघडली. मला इंग्रजी वाचता येतं, पण एका बोटानं टाइप करतो. त्यानं सांगितलेली ओळ लिहायला मला बराच वेळ लागला. शेवटचं बटण दाबलं आणि हातात कुदळ आली. नवीकोरी, चकचकीत.

“अगदी तीच, नाना. तोच प्रकार. म्हणाल तर कधीच न मोडणारी देतो.”

बायको उठून पडद्याजवळ आली. “ही त्याची?”

“तशीच आहे,” मी म्हटलं.

“तशीच नको,” ती म्हणाली.

फोन चालूच होता. तिनं तो माझ्या हातून घेतला. “का रे, विहिरीत बादली पडली तर आपण काय करतो? गळ टाकतो. दोर सोडायचा, आकडे खाली फिरवायचे, अडकलं की ओढायचं. कुणी उतरत नाही काही. एवढे हुकूम आहेत तुझ्याकडे, गळ टाकायचा हुकूम नाही का एखादा?”

तिकडून आधी हसू ऐकू आलं. मग तो म्हणाला, “अक्का, थांबा. मी दखस, काही सापडतं का.”

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. बुधवारी आला, दुकानातूनच. मागे गाड्यांचे आवाज होते. गळ होता. दोन हुकमांचा. पहिल्यानं लांबूनच ती जागा जागी करायची. दुसऱ्यानं, पडलेल्या जेवढ्या वस्तू जागत असतील त्या सगळ्या आपल्या पायाशी ओढून घ्यायच्या. जागा जागी झाली की घड्याळ पुन्हा चालू होणार, तेव्हा दोन हुकमांच्या मध्ये वेळ दवडून चालायचं नाही. आणि पहिल्या हुकमाला विहिरीचा ठावठिकाणा आकड्यांत द्यावा लागतो. तो कुणाला माहीत?

मी मोबाईलमधला तो फोटो काढून त्याला पाठवला. कोपऱ्यातली बारीक अक्षरं म्हणजे तोच ठावठिकाणा होता. मी तिथे नुसतं ‘छान’ लिहिलं होतं.

“बस. सापडली विहीर,” तो म्हणाला. “पण हे फोनवर नको. मी येतो.”

बायकोनं त्याला आखाजीचंच बोलावलं. नुसतं जेवायला नाही, पित्तर म्हणून. आमच्याकडे त्या दिवशी दुसऱ्या घरच्या कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवतात. तो जेवला की जाणारा जेवला. सहसा वयानं मोठा माणूस बोलावतात. पण ज्याच्यासाठी बोलवायचं त्याचंच वय ते काय होतं. मित्र आधी नको म्हणाला, घाबरला. त्याच्या आईला विचारून मग हो म्हणाला.

आखाजीच्या सकाळी ऊन आठ वाजल्यापासूनच अंगावर येत होतं. बायकोनं पहाटेपासून पुरण वाटलं, सांजोऱ्या तळल्या, आंबे पिळले. शेजारच्या गल्लीत माहेरी आलेल्या मुली झोक्यावर गाणी म्हणत होत्या. आमच्या दारावरून जाताना त्या आवाज खाली आणत, हे मला ऐकू येत होतं. नवी घागर भरली, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोरी. कुंकवात बोट बुडवून मी उंबरठ्यावर एकेक रेघ ओढत गेलो. पणजोबा, आजोबा, वडील. त्यांच्यानंतर एक रेघ ओढायची होती. माझा हात थांबला नाही, याचं मला नंतर नवल वाटलं. बायको मागे उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि मग आत जाऊन विस्तवावर घास टाकला.

मित्र बारा वाजता आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पाटावर बसताना त्याला मांडी कशी घालावी ते सुचेना. बायकोनं वाढलं. त्यानं पहिला घास घेतला आणि बाहीनं डोळे पुसले.

“खा बरं,” ती म्हणाली. “रडला तर मीठ जास्त होईल.”

“अक्का, रस अजून घालू नका, पोट फुटी जाई.”

“त्याला तीन वाट्या लागायच्या.”

त्यानं तीन वाट्या संपवल्या. हात धुतल्यावर तो बराच वेळ नळाशीच उभा होता.

मग आम्ही कॉम्प्युटरपुढे बसलो. मी म्हटलं, तूच कर, तुझा हात जलद आहे. तो म्हणाला, “नाही नाना, घागर तुम्ही भरली.” पण त्यानं युक्ती काढली होती. काळ्या पट्टीला आधी लिहिलेलं आठवतं. वर जाण्याचं बटण दाबलं की मागची ओळ पुन्हा समोर येते. म्हणून दुसरा हुकूम मी आधीच लिहून सोडायचा. तेव्हा काही सापडलं नाही असं उत्तर येईल, त्याला घाबरायचं नाही. मग पहिला हुकूम सावकाश लिहायचा. तो सुटला, की वरचं बटण दोनदा आणि मग मोठं, एंटरचं बटण. टायपायचं काहीच नाही.

मी दुसरा हुकूम लिहिला. अक्षर चुकलं, पुसून पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, काही सापडलं नाही. ठाऊक असूनही ते मी दोनदा वाचलं. मग पहिला. आकडे मित्र वाचून दाखवत होता, एक उणे होता तो त्यानं दोनदा सांगितला. बायको खाटेवरून उठून माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

“सोडू?”

“सोडा.”

मी हुकूम सोडला. जागा जागी झाली असं काहीसं लिहून आलं. पडद्यावर काहीच हललं नाही, तीच खोली, तीच खिडकी. मी वरचं बटण दोनदा दाबलं.

“मोठं, नाना! मोठं दाबा!”

दाबलं. पायाशी टपटप आवाज झाले. खूप सारे, गारा पडल्यासारखे. खालच्या कडेचे रिकामे चौकोन एकामागून एक भरत गेले. मित्रानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते.

“उना! बठ्ठं उनं, नाना! अक्का, लागना तुमचा गळ!”

बायकोचा हात माझ्या खांद्यावर आला होता आणि जड लागत होता. मग ती म्हणाली, “काय काय आहे?”

मित्रानं एकेक दाखवलं. दगड, खूप सारे. मुरूम. मशाली. तीन भाकऱ्या, खेळात पाव असतात, पण तो तिला भाकऱ्याच म्हणाला. कुदळ. तिच्याखाली केसाएवढी लाल रेघ होती. त्याचा अर्थ ती झिजत आली आहे, आणखी थोडी चालली की मोडेल. आणि दोन बादल्या, पाण्यानं भरलेल्या.

बादल्यांवर त्याचं बोट थांबलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“पाणी लिसन उतरना व्हता तो,” मित्र म्हणाला. मग माझ्यासाठी पुन्हा, सावकाश: “पाणी घेऊन उतरला होता, नाना. म्हणजे खणून झालं होतं. नाही तर बादल्या कशाला नेल्या असत्या? दोन कोपऱ्यांत दोन ओतल्या की मधलं पाणी कितीही उपसलं तरी संपत नाही. झराच लागतो म्हणा. तेवढंच राहिलं होतं.”

मी इतके महिने समजत होतो, की विहीर अर्धी राहिली. झालेली होती. मला ते बरं वाटलं की आणखी वाईट, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

बायको म्हणाली, “मोडेल म्हणतोस, ती कुदळ. मग ती कुणी वापरायची नाही.” मित्रानं पेटी उघडून दिली. मी माऊसनं कुदळ उचलली, दोनदा हातून निसटली, मग पेटीच्या पहिल्या चौकोनात ठेवली. नवीकोरी होती ती बायकोनं बाहेरच ठेवायला सांगितली. भाकऱ्याही पेटीत ठेवू का, असं मी विचारलं तर म्हणाली, “अन्न कोंडून ठेवू नये.”

“चला, आता जाऊ विहिरीवर,” मित्र म्हणाला. “एका हुकमात पोचतो.”

“चालत जाऊ,” मी म्हटलं.

मग तो चालवत राहिला आणि मी पाहत राहिलो. पहिल्यांदाच त्या घराचं दार उघडलं. केळीच्या ओळींमधून वाट होती, दोन्ही बाजूंना मशाली रोवलेल्या. एका ठिकाणी त्यानं पाट खणला होता, मातीचाच, अजून कोरडा. मित्र सांगत होता, हे कधी केलं, इथे तो कसा पडला होता, मग खोलीत सगळे कसे हसले होते. त्यातलं अर्धंच माझ्या कानात शिरत होतं. फार दमल्यासारखं वाटत होतं, पण बसून राहवत होतं. बाहेर झोक्यावरची गाणी उन्हामुळे थांबली होती.

आम्ही विहिरीच्या काठाशी आलो तेव्हा खेळात सूर्य कलला होता. थारोळं लांबट होतं. मी चौकोनी सांगितलं होतं की लांबट, मला आठवेना. पायऱ्या उत्तरेकडून उतरत होत्या. खाली अंधार होता.

“रात्र होईल आता. खाली काही असेल,” मित्र म्हणाला. “हुकूम सोडून सकाळ करू?”

“नको.”

“मग इथूनच ओता. वरून टाकलं तरी पाणी खाली पोचतं. हे बटण. तुम्ही दाबा.”

मी बायकोला जवळ बोलवावं म्हणून मागे वळलो. ती खाटेवर बसल्या बसल्या झोपली होती. डोकं भिंतीला टेकलं होतं, तोंड थोडं उघडं, पदराच्या काठावर आमरसाचा डाग. दिवाळीनंतर मी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. रात्री झोपायची का, तेही मला नक्की सांगता येणार नाही. दिवा बंद असला की आम्ही दोघंही झोपल्याचं धरून चालत होतो.

मित्रानंही मागे पाहिलं. त्यानं आवाजाचं बटण फिरवून आवाज कमी केला.

“ओतू का, नाना?” तो कुजबुजला.

“ती उठू दे,” मी म्हटलं. “थांबवता येतं ना?”

त्यानं खेळ थांबवला. मग तो खुर्चीतच पाय लांब करून मागे रेलला, आणि पंख्याखाली आम्ही दोघं ती उठायची वाट पाहत बसून राहिलो.